सुतळीला बांधलेलं पेन

अंबडच्या ऑफिसात रात्रीचे पावणेदहा.
तीनशे बारा टेस्ट, त्यातली एक लाल.
एकटी चालवली की हिरवी,
घोळक्यात सोडली की लाल,
आणि तेही नेहमी नाही, तिसऱ्या-चौथ्या खेपेला,
डॉक्टरच्या पायरीवर उतरणाऱ्या तापासारखी.

सुयोग बच्छाव म्हणाला, "परत चालव, होते पास,"
आणि हेल्मेट उचलून गेला पाथर्डी फाट्याकडे.

काम म्हणाल तर साधं.
पिंपळगावच्या शीतगृहात
द्राक्षांच्या खोलीचा पारा चढला
तर प्रोग्रामनं एक ओळ लिहावी.
सुरुवातीलाच मी लॉगरला बजावते,
बारीकसारीक सगळं लिही, अर्धा अंशसुद्धा सोडू नकोस.
तो हो म्हणतो.
थोड्या वेळानं त्याच नावानं हाक मारते,
त्याच नावाचा कुणी येतो,
पण मघाचं बोलणं त्याच्या कानावरच नाही.
कोरी पाटी. लिहितो फक्त मोठ्या आवाजातलं.

फाइल तीनदा उघडली. जागेवर होती.
स्पेलिंग पाहिलं, पाथ पाहिला.
दुसरी एखादी टेस्ट येऊन पुसून जाते का
म्हणून एकेकीला बाजूला काढलं,
वर्गात चोरी झाल्यावर दप्तरं उलटी करतात तसं.
सगळ्या निर्दोष.
मीच जरा ओशाळले.

सव्वादहाला पप्पांचा फोन. जेवलीस का?
नाही म्हटलं, काहीतरी हरवतंय, चोर सापडत नाही.
पप्पा एकलहऱ्याला बॉयलरवर होते, एकतीस वर्षं.
दर तासाला लॉगशीट, दाब, तापमान, सही.
तिथलं पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं असायचं.
लहानपणी मी विचारलं होतं, चोरतात का हो?
आज तेच उत्तर त्यांनी पुन्हा दिलं, घास चावत:
"चोरत कुणी नाही गं.
कुणाचंच नसलं की जातं."

फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले.

मग वाचलं, आधी वाचायला हवं होतं ते.
जावाचा मुकादम लॉगरला धरून ठेवत नाही,
नुसतं बोट टेकवून असतो.
दुसऱ्या कुणी घट्ट धरलं असेल तर ठीक,
नाहीतर मेमरीची घंटागाडी येते
आणि दारात ठेवलेलं सगळं उचलते.
सेटिंग त्याच्या खिशातच होती,
त्याच्याबरोबर गेली.
मी सांगून मोकळी झाले होते,
हात मात्र पुढच्याच ओळीला सोडला होता.

खात्री करायला घंटागाडी मुद्दाम बोलावली,
सांगणं आणि हाक यांच्या बरोब्बर मध्ये.
लाल.
पुन्हा. लाल.
दहापैकी दहा वेळा लाल,
आणि मी हसले, रिकाम्या ऑफिसात, मोठ्यानं.
वॉचमन गांगुर्डे काका डोकावून गेले.

औषध एका ओळीचं.
क्लासच्या माथ्यावर, स्टॅटिक, फायनल,
लॉगरला एक कायमचं नाव, धरायला.
तीनशे बारा हिरव्या.
वीस वेळा चालवल्या, अविश्वासानं,
घंटागाडी बोलावूनही.
कमिटमध्ये लिहिलं: "लॉगर धरून ठेवला."
सुयोगला यातलं काही कळणार नाही, म्हणून खाली दोन ओळी आणखी.

नाशिकरोडला पोचले तेव्हा बारा वाजायला आले होते.
स्वयंपाकघरात कॅलेंडर,
आजच्या चौकोनात पप्पांचं बारीक अक्षर:
पाणी ६.१०. सिलेंडर लावला. गुडघा बरा.
खाली "सारिका", आणि पुढे रेघ, रिकामी.
खिळ्याला सुतळी, सुतळीला पेन.

मी चप्पल काढेपर्यंत
आतल्या खोलीतून झोपेतला आवाज:
"किती वाजले?"